पिशवी आधी, बेत नंतर

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी यादी घेऊन शेतकरी बाजारात गेलो. आदल्या रात्री घरातल्या चौघांना विचारून सात दिवसांचा बेत ठरवला होता. सोमवारी गवार, मंगळवारी भरली भेंडी, बुधवारी दोडका, असा शनिवारपर्यंत. पुरंदरहून येणाऱ्या एका मावशींपुढे उभा राहून मी गवार मागितली. लहान मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दादा, थंडीत कुठली आलीय गवार? पलीकडं एकानं आणलीय बघा, पण निबर हाय. चाकवत घ्या की, पहाटं काढलाय."

यादीतल्या अकरा भाज्यांपैकी चार मिळाल्या, त्यातल्या दोन जून आणि महाग. ठरवलेला बेत मंगळवारपर्यंतच टिकला. मावशींनी जवळजवळ पिशवीत कोंबलेला चाकवत मात्र त्याच दुपारी ताकातली भाजी होऊन संपला, आणि आईने पातेलं पुसून घेतलं.

आठवड्याच्या बेताबद्दल जे काही छापून येतं, त्यात पहिली पायरी ठरलेली असते: आधी काय खायचं ते लिहा, मग त्याची खरेदी करा. वर्षभर सगळं मिळणाऱ्या मोठ्या दुकानात जाणाऱ्याला ते जमतं. शेतकऱ्याकडून घ्यायचं तर क्रम उलटा करावा लागतो. काय मिळालं ते आधी, कधी करायचं ते नंतर. आणि कधी करायचं हे आपल्या लहरीपेक्षा भाजीच्या आयुष्यावर सोडलं की बराचसा बेत आपोआप बसतो. जी आधी मरणार ती आधी शिजवायची. या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच; बाकी सगळा तपशील आहे. पण स्वयंपाकात तपशीलच शिजतो.

आधी बाजाराबद्दल थोडं. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याने माल समितीच्या आवारातच न्यायला हवा, ही सक्ती गेली. मग राज्य कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शहरांमध्ये शेतकरी आठवडे बाजार भरवायला सुरुवात केली. नाव चपखल आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे हे संत मळ्यात राबता राबताच विठ्ठल पाहणारे. आठवडी बाजार गावांना नवा नाही, शहरातल्या सोसायट्यांपुढे तो नव्याने आला एवढंच.

मात्र 'शेतकरी' अशी पाटी लावलेला प्रत्येक गाळा शेतकऱ्याचा असतोच असं नाही. माझी एक साधी कसोटी आहे. ज्याच्यापुढे वीस प्रकारच्या भाज्या एकसारख्या आकाराच्या रांगेत लावलेल्या असतात, त्याने त्या बहुधा पहाटे घाऊक बाजारातून उचललेल्या असतात. शेतात पिकवणाऱ्याकडे पाच-सहाच जिनसा असतात, त्याही लहानमोठ्या. मुळ्याला माती असते आणि मेथीच्या जुडीत दोन काड्या गवताच्या निघतात. त्याला "हे आज तोडलं की काल?" असं विचारलं की तो वेळ सांगतो. दुसरा फक्त "एकदम ताजं" म्हणतो.

आता आयुष्याकडे. तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत असते, साठवलेली साखर जाळत असते, त्यातून ऊब आणि वाफ सोडत असते. झाडाचा जो भाग वाढीत होता, तो तोडल्यावरही घाईने जगतो: कोवळी पानं, शेंडे, न पिकलेल्या शेंगा. जो भाग झाडाने पुढच्या हंगामासाठी साठवण म्हणून केला होता, म्हणजे कांदा, बटाटा, सुरण, रताळं, तो सावकाश जगतो, कारण झोपून राहणं हेच त्याचं काम. मेथी दोन दिवसांत मान टाकते आणि सुरण महिनाभर कोपऱ्यात पडून राहतो, त्याचं कारण इतकं साधं आहे. या दोन टोकांच्या मध्ये बाकीच्या भाज्या बसवल्या की आठवड्याचे वार दिसायला लागतात.

बाजारातून आल्यावरचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा. थकलेला माणूस पिशवी तशीच फ्रीजमध्ये ढकलतो आणि तिथेच अर्धा आठवडा हातचा जातो. आमच्याकडे जुनी चादर पसरून सगळं ओतलं जातं. पहिलं काम मुळ्याचं. पाला कापून वेगळा करायचा, कारण पानं वाफ सोडत राहतात आणि ते पाणी मुळ्यातून ओढतात. पाल्यासकट ठेवलेला मुळा तीन दिवसांत भेंड होतो, पाला काढलेला आठवडाभर करकरीत राहतो. गाजर आणि बीट पाल्यासकट मिळाले तर त्यांचंही तसंच. पाला अर्थातच टाकायचा नाही. हरभऱ्याची भिजवलेली डाळ घालून मुळ्याच्या पाल्याची सुकी भाजी सोमवारी रात्री होते.

मग वाटाणा. थंडीत सासवड भागातला वाटाणा बाजारात येतो आणि शेंग सोलून कच्चा दाणा तोंडात टाकल्यावर त्याची खरी किंमत कळते. हीच शेंग दोन दिवस ओट्यावर राहिली तर दाण्यातल्या साखरेचं पिष्ट होत जातं, दाणा पिठूळ लागतो आणि आपण शेतकऱ्याला नावं ठेवतो. त्यामुळे वाटाणा रविवारीच सोलायचा. दुपारच्या भाताला लागेल तेवढा बाजूला, उरलेला उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून बर्फाच्या कप्प्यात. गोडी उतरवणारी विकरं त्या दोन मिनिटांत निकामी होतात. मुलगी सोलता सोलता निम्मा खाते, तो हिशेबात धरलेला असतो.

पालेभाजी धुवून ठेवू नये. ओलं पान आधी सडतं. मुळं कापून, पिवळी पानं काढून, सुती फडक्यात सैल गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवायची. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पण छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वर्तमानपत्र वापरू नका असं बजावलेलं आहे. जुन्या धोतराचा तुकडा त्यापेक्षा बरा. केळी, चिकू, पपई आणि पिकलेले टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवायचे. त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तो शेजारच्या पानांना पिवळं करतो.

फ्रीज हा सगळ्यांचा मित्र नाही, हे मला उशिरा समजलं. वांगं, काकडी, भेंडी, टोमॅटो ही उष्ण हवेची पिकं. घरच्या फ्रीजमधले चार-पाच अंश त्यांना बाधतात. वांग्याच्या सालीला खड्डे पडतात आणि आतल्या बिया काळपट होतात. टोमॅटो पिकायचा थांबतो आणि वासही गमावतो. म्हणून वांगी ओट्यावर टोपलीत, दोन-तीन दिवसांत संपवायची. टोमॅटो घेतानाच निम्मे लाल आणि निम्मे कच्चट घ्यायचे, म्हणजे लाल संपेपर्यंत कच्चट तयार होतात. बटाटा गारठ्यात ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होते, मग तळताना काचऱ्या करपतात. त्याला अंधार हवा, उजेडात तो हिरवा पडतो. आणि कांद्याशेजारी ठेवू नये, एकमेकांच्या संगतीत दोघंही लवकर खराब होतात.

एवढं झालं की आमच्याकडचा जानेवारीतला एक आठवडा कसा जातो ते सांगतो. रविवारी दुपारी ताकातला चाकवत, बाजरीची भाकरी, वाटाणे घातलेला भात. चाकवत सगळ्यात हळवा, म्हणून पहिला मान त्याचा. शिजवून घोटायचा, डाळीचं पीठ लावलेलं ताक घालायचं, शिजलेली हरभरा डाळ आणि दाणे, वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. सोमवारी सकाळी डब्याला मेथी, रात्री मुळ्याचा पाला. मंगळवारी भरीत. ते मंगळवारच्या पुढे ढकलता येत नाही, कारण भरताला कांद्याची पात लागते आणि पात बुधवारी लोळते. वांगं एकटं असतं तर बुधवारपर्यंत थांबलं असतं. भाज्यांच्या जोड्या असतात, आणि जोडीतल्या नाजूक भाजीच्या तारखेला दोघींना जावं लागतं.

बुधवारी पावट्याच्या शेंगा. शेंगेतला दाणा सालीच्या आधाराने तीन-चार दिवस चांगला राहतो. त्याच सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री निथळून फडक्यात बांधायची. मे महिन्यात ती एका रात्रीत मोडावते. जानेवारीच्या गारठ्यात शुक्रवार सकाळ उजाडते, म्हणून बुधवार. गुरुवारी फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा, बर्फातल्या वाटाण्यांसकट, सोबत मुळ्याची कोशिंबीर. शुक्रवारी मटकीची उसळ. तोवर ताजं म्हणावं असं फारसं उरलेलं नसतं, आणि कडधान्याला तीच जागा शोभते. शनिवारी लाल भोपळा किंवा कोबी, रात्री पिठलं. आणि टोपलीच्या तळाशी जे उरलं असेल ते: सुकलेली कोथिंबीर, एक गाजर, मूठभर मेथी. ते किसून-चिरून भाजणीत मळून थालीपीठ.

यातले शेवटचे चार दिवस मी पेन्सिलने लिहितो. पाहुणे येतात, कुणाला ताप येतो, कार्यालयातून यायला उशीर होतो. सातही चौकोन शाईने भरलेला बेत पहिल्याच धक्क्याला मोडतो आणि मग माणूस सगळंच सोडून देतो. पहिले तीन दिवस पक्के, कारण तिथे भाजी थांबत नाही. पुढचे चार दिवस टिकाऊ मालाचे, ते इकडचे तिकडे झाले तरी चालतं.

किती घ्यायचं, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात, मी मुद्दाम मागे ठेवला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. चौघांच्या घराला आठवड्याच्या त्या अकरा किलो भाज्या झाल्या. आमच्या दोन पिशव्यांत आठ किलोच्या पुढे काही मावत नाही आणि माझ्या खांद्यालाही नाही, त्यामुळे बुधवारी कोपऱ्यावरच्या गाडीवरून काकडी, टोमॅटो आणि एखादी कोशिंबिरीची भाजी येते. पालेभाजीच्या बाबतीत मात्र वजन फसवतं. एकदा मी मेथीची जुडी काट्यावर ठेवली: 460 ग्रॅम. निवडल्यावर पानं भरली 210. कढईत पाच मिनिटांत त्याची दोन वाट्या भाजी झाली, चौघांना जेमतेम. तेव्हापासून मेथीच्या दोन जुड्या, आणि कोवळ्या काड्या बारीक चिरून वरणात. निवडणं टाळण्यासाठी जुडीच न घेणारी घरं मला माहीत आहेत. त्यांना मी दोष देत नाही, पण दूरदर्शनवरच्या बातम्यांना मेथी निवडण्याइतकी उत्तम जोड नाही.

भाजीबरोबर पिठाचाही बेत करावा लागतो, याकडे दुर्लक्ष होतं. ज्वारीचं पीठ पंधरा दिवस निभावतं, बाजरीचं नाही. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो, दळल्यावर तो हवेला उघडा पडतो आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडसर होतं. ती भाकरी खाणारा म्हणतो, आजकाल बाजरीच चांगली येत नाही. बाजरी घरात ठेवावी आणि गिरणीत एका आठवड्यापुरतीच न्यावी. कांद्याचंही गणित हंगामाचं आहे. जानेवारीतला लाल कांदा टिकत नाही, तो किलो-दीड किलोच घ्यावा. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो. गोणी घ्यायची तर तेव्हा.

हाच आठवडा पावसाळ्यात पार बदलतो. पालेभाजी चिखलाने भरलेली, महाग आणि एका दिवसाचीच असते. मग दोडका, दुधी, कारली, पडवळ या वेलवर्गीय भाज्यांवर भिस्त. त्याची भरपाई रानभाज्या करतात: टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली, आणि जून महिन्यात फार थोडे दिवस दिसणारी शेवळं. शेवळं खाजरी असतात, म्हणून ती विकणारी बाई सोबत काकडं नावाची आंबट फळंही देते. ती न घेता शेवळं घेतलीत तर घशाला कळेल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती घेवडा, वाल यांसारख्या गावठी वाणांची बियाणी जपण्यासाठी. तशा वाणाच्या शेंगा बाजारात एखाद्याच टोपलीत दिसतात. दिसल्या की भाव न करता घ्याव्यात. मे महिन्यात उलट स्थिती. पानं कोमेजलेली, पण कैरी, कच्चा फणस, आणि डब्यात असलेले सांडगे. तेव्हा आठवड्यातून दोनदा कैरीची डाळ होते आणि कुणी तक्रार करत नाही.

आपल्या पंचांगात हे नियोजन आधीपासून बसलेलं आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी घ्या: पावटा, ओला हरभरा, वाटाणा, गाजर, वांगं, बोरं, तीळ, आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या आठवड्यात शेतात जे जे असतं ते एका कढईत. ऋषिपंचमीची भाजी भाद्रपदातली, बैलाच्या श्रमाविना आलेल्या भाज्यांची, म्हणजे परसातल्या आणि बांधावरच्या. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांग्यावर ताव मारून चातुर्मास ते वर्ज्य करायचं, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा सुरू करायचं. नियमामागची श्रद्धा ज्याची त्याने ठरवावी. पण ओल्या पावसाळ्यात कांदा सडतो आणि वांग्याला कीड असते, तर मार्गशीर्षात भरताची वांगी ऐन भरात येतात, हे मंडईत उभं राहिलं की दिसतं. आठवड्यात एकादशी किंवा संकष्टी येत असेल तर रताळी आणि भोपळा त्या दिवसासाठी राखून ठेवावा लागतो. एकदा मी तो शुक्रवारी संपवला आणि शनिवारी आईच्या उपासाला घरात नुसता साबुदाणा उरला. ती काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

घरपोच टोपलीचाही एक प्रयोग आम्ही केला. दर आठवड्याला शेतातून थेट, असं म्हणणाऱ्या एका कंपनीचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. टोपलीत काय येणार ते त्यांनी ठरवायचं. पहिले दोन आठवडे मजा वाटली. पुढे सलग चार आठवडे शेपू आणि झुकिनी आली. शेपू आमच्या घरात एकटी आई खाते. तक्रार केल्यावर उत्तर आलं की निसर्ग असाच असतो. निसर्ग असाच असतो हे खरं, पण मावशी निदान विचारतात, "घरात शेपू खातात का?" टोपली घेऊ नये असं मी म्हणत नाही, नोकरी आणि लहान मूल सांभाळणाऱ्याला ती वरदान आहे. आगाऊ पैसे मात्र एका महिन्याचेच भरावेत आणि नको असलेल्या दोन भाज्या आधी कळवता येतात का ते विचारून घ्यावं.

सुरुवात करायची असेल तर पूर्ण आठवड्याचा घाट घालू नका. येत्या रविवारी कुठलीही यादी न करता जा, विकणाऱ्याला "आज काय चांगलं आहे आणि किती दिवस टिकेल?" एवढंच विचारा, आणि दोन पालेभाज्या, दोन फळभाज्या, एक शेंग, एक टिकाऊ भाजी घ्या. घरी आल्यावर मुळ्याचा पाला कापा, वाटाणा सोला, आणि पहिल्या तीन दिवसांचंच लिहून काढा. जाताना पिशव्या दोन न्या. टोमॅटो दुसऱ्या पिशवीत, सगळ्यात वर.